तापीकिरण टॉकीजची पडदी

बुधवार, १ ऑक्टोबर १९८६

आजपासून मी, रतिलाल पाटील, जळगावच्या तापीकिरण टॉकीजचा मॅनेजर. पोस्टाने केलेल्या व्यवस्थापनाच्या डिप्लोम्यात एक धडा होता : चांगला मॅनेजर आपले निर्णय लिहून ठेवतो, म्हणजे पुढे त्यांचा अभ्यास करता येतो. अभ्यास कोणी करायचा ते पुस्तकात नव्हतं. तरी ही वही आणली.

धुळ्याच्या जिनिंगमधली सुपरवायझरची नोकरी सोडून आलो. तिथे कापूस होता, इथे माणसं आहेत. कापसाला शिस्त लावता येत नाही, माणसांना येते.

मालक गिरधरनाना रावेरकडचे केळीवाले. भावांच्या वाटणीत मळा थोरल्याकडे गेला आणि टॉकीज नानांच्या गळ्यात पडली. मला समोर बसवून म्हणाले, "रतिलाल, मले केयीचं कयते, पिक्चरचं काही कयत नाही. उन्हाया लागेपर्यंत पाह्यतो. गर्दी दिसली तं टॉकीज, नाही तं वखार. आत अंधार हाये, गारवा हाये. केयी मस्त पिकतीन."

मी हसलो. नाना हसले नाहीत.

मेहरूणला दोन खोल्या घेतल्या आहेत. आई आणि सुनंदा सामान लावत आहेत. लग्नाला दोन वर्षं झाली तरी सासूसुनेचं जमत नाही. एकीने फळीवर ठेवलेला डबा दुसरी उचलून दुसऱ्या फळीवर ठेवते. दोघीही बोलत नाहीत. डबे बोलतात.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

आज नवा पिक्चर लागला. एका आंधळ्या आईची गोष्ट आहे म्हणतात. मी पाहिला नाही. मॅनेजरने पिक्चर पाहायचा नसतो, प्रेक्षक पाहायचा असतो.

प्रेक्षक पाहून हादरलो. आमच्याकडे 'लेडीज' नावाचा वेगळा वर्ग आहे. बोळातून वेगळं दार, तिकिटाची वेगळी खिडकी, आत डाव्या अंगाला लाकडी बाकं, आणि पुरुषांच्या खुर्च्या अलग करणारी छातीएवढ्या उंचीची एक लाकडी पडदी. पडदीवरून डोकावलो, तर पलीकडे जे चालतं त्याला सिनेमा पाहणं म्हणता येणार नाही. दोन खांबांना लुगडं बांधून झोळी केलेली. तिच्यात कोणाकोणाची पोरं पाळीपाळीने झोपतात. पायाखाली शेंगांच्या टरफलांचा थर. एक बाई मेथी निवडत होती, अंधारात! आणि सगळ्याजणी पडद्याशी बोलतात. खलनायक दाराआड लपला की "ए माय, मांगे दख, मांगे!" असा एकच ओरडा. पडद्यावरची बाई मागे पाहत नाही याचा त्यांना मनापासून राग येतो. रडण्याचा सीन आला तेव्हा हुंदक्यांत डायलॉग बुडाले.

लेडीजच्या दारावर भिकुबाई नावाची म्हातारी आहे. मी आत शिरायला लागलो तर तिने बॅटरी माझ्या तोंडावर मारली. "गडीमाणूस आत नही."

म्हटलं, "बाई, मी मॅनेजर आहे."

"मॅनेजर शे, ते बी गडीमाणूसच ना?"

भिकुबाईबद्दल काहीतरी करावं लागेल.

घरी सांगून ठेवलं : मॅनेजरच्या घरच्या बायकांनी लेडीजमध्ये पाऊल टाकायचं नाही, पदाला शोभत नाही. पिक्चर पाहायचाच तर बाल्कनीत, माझ्यासोबत. आई आणि सुनंदा दोघी एकदम "हो" म्हणाल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

मेहरूणची हवा मानवली म्हणायची. आई आणि सुनंदा दोघी इथल्या भजनी मंडळात जाऊ लागल्या. मंगळवारी दुपारी असतं. परत आल्या तेव्हा दोघींचे डोळे रडून लाल झालेले. म्हटलं, काय झालं? आई म्हणाली, "काही नही रे, आईनं दुःख व्हतं." आईचं म्हणजे संत मुक्ताईचं दुःख असेल. मग बराच वेळ स्वयंपाकघरातून दोघींचं हसणं ऐकू येत होतं. भाजी करपली. कोणी कोणाला बोललं नाही.

घरात परमार्थ आला की असं होतं.

रविवार, १२ ऑक्टोबर

आज दोघींना बाल्कनीत नेलं. घरच्यांनाही कधीतरी सुख द्यावं. फाटकाशी भिकुबाई आईला म्हणाली, "काय वं माय, आज वरला मजल्यावर?" ओळखपाळख नसताना ही सलगी मला आवडली नाही.

मी मध्ये बसलो आणि हळू आवाजात सगळं समजावत गेलो. हा थोरला मुलगा, हा धाकटा, ही मोटार परदेशी आहे, हा पाऊस खरा नाही, टाकीतून सोडतात. दोघी पुतळ्यासारख्या बसल्या होत्या. एकदाही डोळ्यांत पाणी नाही. शिस्त म्हणतात ती हीच.

आईच्या बुद्धीचं मात्र नवल वाटलं. मध्यंतराच्याही आधी म्हणाली, "हाऊ डाक्टरच तिना आंडोर शे, दखजो." सुनंदाने तिला कोपराने ढोसलं. आणि खरोखर, शेवटी डॉक्टरच त्या आंधळ्या आईचा हरवलेला मुलगा निघाला! शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण तर्क केवढा अचूक. सुनंदाला विचारलं, पिक्चर कसा वाटला? म्हणाली, "वरून लांब दिसतो."

सोमवार, २० ऑक्टोबर

मोठा निर्णय घेतला. नाव : समान आसन योजना.

देश कुठे चालला आहे आणि आपण बायकांना लाकडी पडदीआड बाकावर बसवतो! पडदी काढायची, बाकं काढायची, खुर्च्या टाकायच्या, सगळ्यांना एकच दार. जिला जिथे वाटेल तिथे तिने बसावं. पोरांचा गोंगाट आपोआप कमी होईल, टरफलं बंद होतील, घरंदाज कुटुंबं येतील. नानांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "बाया इतीन का?" मी म्हटलं, नाना, बायका मोकळ्या होतील. नाना म्हणाले, "मी ते नाही इचारलं."

पण परवानगी दिली.

भिकुबाईला सांगितलं तर ती खाली बसली. "साहेब, पडदी तोडशात ते बाया येवाव नहीत." तिची नोकरी जाणार म्हणून बोलते हे उघड आहे. मी काही निर्दय नाही. तिला सायकल स्टँडवर लावलं.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

ऐतिहासिक दिवस. काल पडदी तोडली, आज नव्या पिक्चरबरोबर योजना सुरू. एका साप्ताहिकाच्या वार्ताहराला चहा पाजून बोलावलं होतं. मी छोटंसं भाषण केलं : 'ही लाकडाची भिंत नव्हती, मनाची होती.' वाक्य भाषण करता करता सुचलं. वार्ताहराने दोनदा विचारून लिहून घेतलं.

बायका बोळातल्या दारापाशी आल्या, तर दार बंद. मी स्वतः जाऊन पुढच्या दाराने यायला सांगितलं. त्यांच्यात एक मंदाबाई होत्या. मेहरूणच्याच, घरची कापसाची शेती, आवाज असा की बोळ भरून जातो.

"पण आम्ही बसायचं कुठे?" त्यांनी विचारलं.

"कुठेही बसा, मंदाबाई. आता सगळीकडे तुमचंच आहे."

"कुठेही म्हणजे कुठेच नाही, भाऊ." एवढं बोलून त्या वळल्या. त्यांच्यामागे बाकीच्याही वळल्या.

सवयीचा भाग आहे. आठवडाभरात येतील.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

आई आणि सुनंदा आज भजनाला गेल्या नाहीत. मंडळ बंद पडलं म्हणे. मी म्हटलं, बुवा आजारी आहेत का? सुनंदा म्हणाली, "बुवांना अक्कल कमी आहे." देवाच्या माणसाबद्दल असं बोलू नये, असं समजावलं. आईने सुनंदाकडे पाहिलं, सुनंदाने आईकडे, आणि दोघीही माझ्याकडे पाहत राहिल्या.

संध्याकाळी मिठावरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

दिवाळी संपली. दिवाळीत टॉकीज निम्मीसुद्धा भरली नाही. पुरुष येतात, पण ज्या तऱ्हेने येतात ते लिहवत नाही. पूर्वी पडदीपलीकडे कोणाची आई, कोणाची मावशी बसलेली असायची, म्हणून की काय, थोडा धाक होता. आता खुर्चीच्या पाठीवर पाय, भिंतीवर पिचकारी.

आणखी एक घोटाळा आहे. पिक्चर चांगला आहे, बहिणीवरच्या अन्यायाचा. पण काहीतरी कमी पडतंय. बहीण विहिरीकडे धावते त्या सीनला टॉकीज अगदी सपाट वाटते. एकजण तर हसला. पूर्वी अशा वेळी सगळी टॉकीज भरून आल्यासारखी व्हायची. डावीकडचा साउंडबॉक्स तपासायला सांगितला. मेकॅनिकने उघडून पाहिला, म्हणाला, "बॉक्स ठीक आहे साहेब. डावीकडचा आवाज बॉक्समधून येत नव्हता."

मेकॅनिक बदलावा लागेल.

घरी डबे पुन्हा बोलू लागले आहेत.

शनिवार, १५ नोव्हेंबर

लोकांपुढे उदाहरण ठेवल्याशिवाय सुधारणा रुजत नाही. काल घरी जाहीर केलं : उद्या सहाच्या खेळाला मॅनेजरची पत्नी खालच्या खुर्च्यांत, सगळ्या लोकांमध्ये, एकटी बसून पिक्चर पाहील. आई म्हणाली, "तिले एकली नको धाडू." मी म्हटलं, आई, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. सुनंदा आज ठेवणीतली जांभळी साडी नेसली.

मी तिला मधल्या रांगेत बसवलं आणि ऑफिसात आलो. वार्ताहरासाठी मजकूर तयार करत होतो, 'एका गृहिणीचे पाऊल'. मध्यंतराच्या आतच सुनंदा बाहेर आली. पदर दोन्ही हातांनी आवळून धरलेला. म्हणाली, "घरी जाते."

"काय झालं?"

"काही नाही."

"मागे कोण होतं? तोंड पाहिलंस?"

"अंधारात कोणाला तोंड असतं का?"

मी बॅटरी घेऊन आत गेलो. मागच्या रांगेवर उजेड फिरवला. सगळे सभ्य माणसांसारखे पडद्याकडे पाहत होते. मी कोणाला काय विचारणार? बाहेर येईपर्यंत सुनंदा निघून गेली होती. सायकल स्टँडवरून भिकुबाई तिच्यासोबत चालत घरापर्यंत गेली, हे नंतर कळलं. ड्युटी सोडून गेली म्हणून तिला बोलणार होतो, पण बोललो नाही.

घरी आई ओट्यावर बसली होती. मला आत जाऊ न देता म्हणाली, "अंधारामा बाईले शेजारी बाईच लागस, रतिलाल. तुले इतलं बी समजत नही?"

आईचं म्हणणं भावनेच्या भरात आहे. तरी आज जेवण गेलं नाही.

मजकूर फाडला.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सुनंदा सकाळच्या एसटीने धुळ्याला माहेरी गेली. विश्रांतीसाठी. कधी येणार विचारलं, तर पिशवी मांडीवर घेऊन पलीकडच्या खिडकीबाहेर पाहत राहिली. गाडी हलली तेव्हा हात करणार होतो, पण ती या बाजूला बसली नव्हती.

शनिवार, २२ नोव्हेंबर

नाना आले होते. बरोबर एक माणूस, हातात टेप. त्याने पडद्यापासून दारापर्यंत मोजलं, छताकडे पाहिलं, भिंतीला हात लावून गारवा पाहिला. मॅटिनी चालू असतानाच. पडद्यावर नायक-नायिका बागेत गात होते आणि हा त्यांच्या खालून टेप ओढत चालला होता. कोणी हरकत घेतली नाही, कारण हरकत घ्यायला फारसं कोणी नव्हतं.

"नाना, लोकांना वेळ लागतो," मी म्हटलं.

"केयीले बी लागतो," नाना म्हणाले. "पण ती शेवटी पिकते."

खरं लिहायचं तर भीती वाटते. जिनिंगमध्ये माझ्या जागी दुसरा माणूस लागला. धुळ्याला कोणत्या तोंडाने जायचं? तिथे तर सुनंदा आहे.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

आई अचानक म्हणाली, "मी धुयाले जास. सुनले लई येस." मी थक्क झालो. मिठावरून महाभारत करणारी सासू सुनेला आणायला स्वतः निघाली! म्हटलं, मीही येतो. म्हणाली, "तू नको. तू उनास ते ती येवाव नही." मग म्हणाली, सोमवारपर्यंत आणतेच. सोमवारच का, ते सांगितलं नाही. मंदाबाई तिला सोडायला एसटी स्टँडवर आल्या होत्या. या दोघींची ओळख कधी झाली कोण जाणे. भजनातली असेल.

मंगळवार, २ डिसेंबर

सुनंदा आली! काल संध्याकाळी सासूसुना हातात हात घालून गाडीतून उतरल्या. सुनंदा माझ्याशी कामापुरतं बोलते, पण बोलते. आणि आज भजनी मंडळ पुन्हा सुरू झालं. जागा बदलली आहे, आता मंदाबाईंच्या घरामागच्या कापसाच्या खोलीत बसतात. दोघी घाईघाईने जेवून गेल्या. येताना पुन्हा डोळे लाल, पुन्हा हसणं. नामस्मरणात केवढी शक्ती असते! मनात आलं, नोकरी गेली तर मीही भजनाला लागावं.

शनिवार, ६ डिसेंबर

टॉकीज रिकामी का, याचं कारण आज सापडलं. व्हिडिओ! सायकल स्टँडवर दोन पोरं बोलत होती ते मी ऐकलं : मेहरूणमध्ये कोणीतरी भाड्याने व्हीसीआर आणून बायकांना चोरून पिक्चर दाखवतं. परवाना नाही, काही नाही. म्हणजे माझी योजना चुकली नव्हती. माझा प्रेक्षक पळवला होता! किती हलकं वाटलं. नानांना सांगितलं. करमणूक कराच्या कचेरीत तक्रारही दिली. तिथले निरीक्षक कौतिकराव शांत गृहस्थ आहेत. म्हणाले, "जागा शोधून ठेवा, मंगळवारी येतो." भिकुबाईला विचारलं, तुला काही माहीत आहे का? ती म्हणाली, "साहेब, मी बहिरी शे." पहिल्यांदाच ऐकलं.

मंगळवार, ९ डिसेंबर

जे झालं ते झालं तसं लिहितो.

दुपारी कौतिकराव जीपने आले. मेहरूणमध्ये चौकशी करत फिरलो. एका म्हाताऱ्याने मान न उचलता बोटाने दाखवलं. मंदाबाईंचं घर! तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मला वाटलं, भजनाच्या आडून दुसऱ्याच कोणीतरी मंदाबाईंची खोली वापरली. आई आणि सुनंदा आत भजनाला बसलेल्या, आणि शेजारीच हा प्रकार! त्यांना किती त्रास होत असेल, असं वाटून मी पुढे झालो.

खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून घोड्यांच्या टापा ऐकू येत होत्या. मी दार ढकललं.

कापसाच्या गाठोड्यांवर, पोत्यांवर, जमिनीवर बायका. खांबाला लुगड्याची झोळी. पहिल्या रांगेत, पाय पसरून, माझी आई. तिच्या खांद्याला टेकून सुनंदा, मांडीवर कोणाचं तरी पोर. कोपऱ्यात टीव्ही. क्षणभर सगळं थांबलं, फक्त घोडे पळत राहिले. मग मंदाबाईंनी उठून खांद्यावरची शाल टीव्हीवर टाकली. टीव्ही झाकला गेला, आवाज राहिला. आईने माझ्याकडे पाहिलं, कौतिकरावांकडे पाहिलं, डोळे मिटले आणि टाळी वाजवून सुरू केलं, "मुक्ताई, मुक्ताई!" सगळ्या खोलीने साथ धरली. शालीखाली गोळीबार सुरू झाला तशी आईने पट्टी वाढवली.

कौतिकरावांनी चपला काढल्या. "कसलं मंडळ?" त्यांनी विचारलं.

"मुक्ताई महिला भजनी मंडळ," मंदाबाई म्हणाल्या.

"टाळ दिसत नाहीत."

"पॉलिशला टाकलेत."

शालीखालून एक माणूस खदाखदा हसला आणि म्हणाला की आता तुला कोणी वाचवू शकणार नाही. मागून एक बाई सवयीने "मरी जाय मुडदा!" म्हणाली आणि तिने जीभ चावली.

कौतिकराव माझ्याकडे वळले. "पाटील, तक्रार तुमची आहे. तुम्ही सांगाल ते लिहितो. हे भजन आहे का व्हिडिओ?"

टाळ्या थांबल्या. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. एक शब्द बोललो असतो तर व्हीसीआर जप्त, मंदाबाईंवर खटला, आणि माझी टॉकीज वाचली असती. मी सुनंदाकडे पाहिलं. ती घाबरलेली नव्हती. ती फक्त वाट पाहत होती, मी कोण निघतो याची. आणि मला एकदम सगळे मंगळवार समजले. करपलेली भाजी, लाल डोळे, डॉक्टर आंडोर, सगळं. मी एवढा हुशार माणूस, दोन महिने माझ्याच टॉकीजचं भजन माझ्याच घरात चाललं होतं.

"भजन आहे," मी म्हणालो.

"नक्की?"

शालीखाली पुन्हा एक गोळी सुटली.

"नक्की. मी ओळखतो यांना. नियमाने येतात."

कौतिकरावांनी टीव्हीवरच्या शालीला हात जोडून नमस्कार केला आणि प्रसाद मागितला. मंदाबाईंनी मूठभर बोरं दिली. जीपमध्ये बसताना ते म्हणाले, "आमच्या घरीही मंगळवारी भजन सुरू झालं होतं. मध्ये बंद पडलं. फार त्रास झाला हो."

बुधवार, १० डिसेंबर

आज सकाळी चहा पिताना मीच विचारलं, "पडदी केवढी हवी?"

आईने सुनंदाकडे पाहिलं. सुनंदाने कपबशी खाली ठेवली.

"पूर्वीपेक्षा वीतभर उंच," ती म्हणाली. "आणि बाकंच हवीत. खुर्चीत पोर मांडीवर घेता येत नाही."

"आणि भिकुबाई दारवर," आई म्हणाली.

"बरं."

थोड्या वेळाने मी म्हटलं, "त्या दिवशी मी तुला तिथे बसवायला नको होतं."

सुनंदाने कपातली साय बोटाने बाजूला केली. "नको होतं," ती म्हणाली. एवढंच. पण उठताना तिने माझ्या बशीत आणखी चहा ओतला.

शनिवार, २० डिसेंबर

काल लेडीज पुन्हा उघडलं. मंदाबाई सगळ्यांत पुढे. बोळ शेवटच्या टोकापर्यंत भरला होता, लोकांना वाटलं, जत्रा आहे. सुतार नवा, लाकूड सागवानी, पडदी पूर्वीपेक्षा वीतभर नव्हे, हातभर उंच. मी पाहणी करायला आत निघालो तर बॅटरीचा झोत डोळ्यांवर. मी मागे फिरलो.

नाना आले. बोळातली गर्दी पाहिली, टेपवाल्याला परत पाठवलं. "रतिलाल, हे कसं केलं?"

खरं सांगायचं होतं. पण साप्ताहिकाचा वार्ताहर शेजारीच उभा होता. तोंडातून निघून गेलं, "नाना, ही माझी नवीन योजना आहे. महिला विशेष कक्ष." तो लिहून घेऊ लागला, तेव्हा म्हटलं, "ही लाकडाची भिंत नाही, मायेचा आडोसा आहे."

त्याने मान वर केली. "मागच्या वेळी मनाची भिंत म्हणाला होतात."

"ती वेगळी होती," मी म्हणालो.

मंगळवार, २३ डिसेंबर

डावीकडचा साउंडबॉक्स आपोआप नीट झाला. पहिल्याच रडण्याच्या सीनला सगळी टॉकीज भरून आली. पडदीच्या या बाजूला दोन हमाल डोळे पुसताना मी स्वतः पाहिले.

आज सुनंदा निघताना सरळ म्हणाली, "पिक्चरला जाते." आई पुढे दारात उभी राहून तिला लवकर चल म्हणत होती.

रात्री जेवताना दोघींचा वाद पेटला. पिक्चर असा आहे की नवरा बायकोला घराबाहेर काढतो आणि शेवटी तिच्या दारात येऊन पाया पडतो. आईचं म्हणणं, "तिनी दारच उघाडाले नको व्हतं. पानी देवानं, पन खिडकीमधून." सुनंदाचं म्हणणं, दार उघडावं, पाटही मांडावा, पण तो काही बोलायला लागला की आत निघून जावं. आई म्हणाली पाट मांडला म्हणजे सगळं संपलंच. सुनंदा म्हणाली नाही, पाट वेगळा आणि माफी वेगळी. भाकरी तव्यावर जळत होती. दोघी एकमेकींच्या हातावर टाळ्या देऊन भांडत होत्या.

मी ऐकत होतो. एवढा गुंतागुंतीचा प्रश्न, आणि त्यात पुरुषाच्या बाजूने कोणीच नाही. म्हणून म्हटलं, "मला वाटतं, नवऱ्याचीही काहीतरी बाजू असेल."

दोघी थांबल्या.

"तुम्ही पिक्चर पाहिलात का?" सुनंदाने विचारलं.

"नाही."

"मग जेवा."

मी जेवलो.